धक्क्यावरची कोळंबी कशी मोजावी: नोंदवहीपासून साठ्याच्या अंदाजापर्यंत

मुंबईच्या ससून डॉकला किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला बोटीतून उतरलेला कोळंबीचा ढीग तुमच्यापुढे येतो तेव्हा तो चार चाळण्यांतून गेलेला असतो. जाळ्याची आस, म्हणजे विणीचं भोक, ही पहिली चाळण. बोट किती खोलात गेली ही दुसरी, खलाशांनी डेकवर केलेली निवड तिसरी आणि व्यापाऱ्याने काउंटप्रमाणे, म्हणजे किलोत किती नग बसतात त्यावरून, लावलेली प्रत ही चौथी. ढीग मोजायला एक कॅलिपर, एक तराजू आणि अर्धा दिवस पुरतो. या चार चाळण्यांची नोंद ठेवायला वर्ष लागतं, आणि प्रबंध बहुधा तिथेच गळतात. पुढची पद्धत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या ट्रॉलर (तळावरून जाळं ओढणाऱ्या यांत्रिक बोटी) आणि डोल मासेमारीसाठी आहे. मत्स्यविज्ञानाचे विद्यार्थी, मच्छीमार सोसायटीचे कार्यकर्ते किंवा कोळीवाड्यातली शिकलेली पोरं, कुणालाही ती वापरता येईल.

आधी नावं

धक्क्यावरचं नाव आणि शास्त्रीय नाव असे दोन वेगळे रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा. मुंबईकडे चैती म्हणजे बहुधा मेटापीनियस अफिनिस आणि कापशी म्हणजे मेटापीनियस मोनोसेरॉस. पण बंदर बदललं की नाव सरकतं, आणि करंदी हा शब्द तर लहान कोळंबीच्या कुठल्याही मिश्रणाला लागतो. त्यातल्या त्यात जवळा (असेटेस इंडिकस) आणि अंबाड (नेमॅटोपॅलिमॉन टेनुइपेस) ही नावं पक्की आहेत.

हातात नग घेतला की सर्वांत आधी पोटाच्या बाजूची कवचं बघा. दुसऱ्या वलयाच्या कवचाची कड पहिल्या आणि तिसऱ्या अशा दोन्हींवर चढलेली असेल तर ती अंबाडाच्या गटातली. हिची मादी अंडी पोटाखाली चिकटवून फिरते. पहिल्याची कड दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर, कौलांसारखी एकामागे एक बसलेली असेल तर ती पीनिड, म्हणजे बाजारात जिला खरी कोळंबी म्हणतात ती. ही अंडी थेट पाण्यात सोडते. जवळ्याला चालायचे पाय तीनच जोड्या असतात, शेवटच्या दोन जोड्या नसतातच.

पीनिडमध्ये मग डोक्यावरची करवत, म्हणजे रोस्ट्रम, भिंगाखाली बघा. दात वर आणि खाली दोन्हीकडे असतील तर पीनियस गट (पांढरी कोळंबी, टायगर). दात फक्त वर असतील तर मेटापीनियस किंवा पॅरापीनिऑप्सिस. पॅरापीनिऑप्सिस स्टायलिफेराच्या मादीत रोस्ट्रमचं पुढचं टोक लांब, बिनदाती आणि वर वळलेलं असतं. त्यामुळे ही जात सर्वांत लवकर ओळखता येते, टोक मोडलेलं नसलं तर. सोलेनोसेराचा लालसर रंग, आणि तिच्या आखूड मिशांच्या चपट्या पट्ट्या एकत्र येऊन होणारी श्वासनळी, एकदा पाहिली की विसरत नाही. शंका राहिली तर नराचं पेटास्मा आणि मादीचं थेलिकम, हे बाहेरून दिसणारे प्रजननाचे अवयवच निर्णायक. प्रत्येक जातीचे नर-मादी पाच-पाच नग ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवून द्या. पुढे कुणी ओळखीवर बोट ठेवलं तर दाखवायला बाटली हवी.

कोणत्या दिवशी जायचं

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था देशभरातल्या मासळीचा अंदाज काढताना वापरते तो आराखडा लहान अभ्यासालाही चालतो. महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग करायचे. पहिल्या पाच तारखांतून एक चिठ्ठी काढायची. समजा ४ आली, तर ४-५, ६-७ आणि ८-९ अशा दोन-दोन दिवसांच्या तीन जोड्या मिळतात. त्याच जोड्या दहा-दहा दिवसांनी पुढे सरकवायच्या. जोडीच्या पहिल्या दिवशी दुपारी १२ ते संध्याकाळी ६ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ते दुपारी १२ धक्क्यावर थांबायचं, मधल्या रात्रीचं उतरलेलं विचारून घ्यायचं. एकट्याला नऊ जोड्या झेपत नाहीत. महिन्याला तीन केल्या तरी चालेल, पण चिठ्ठी टाकूनच.

त्या वेळात १५ किंवा कमी बोटी आल्या तर सगळ्या घ्या. १६ ते १९ आल्या तर पहिल्या १० आणि उरलेल्यांतल्या निम्म्या. २० ते २९ असतील तर दोनांत एक, ३० ते ३९ तर तीनांत एक, ४० ते ४९ तर चारांत एक, आणि ५० किंवा जास्त तर पाचांत एक. क्रम मोडू नका. ओळखीच्या तांडेलाची, म्हणजे बोटीच्या म्होरक्याची, बोट आली म्हणून तिच्याकडे वळलात की नमुना बिघडला.

आता चिठ्ठीचा आग्रह का, ते डोलीवरून कळतं. डोल हे खुंटाला किंवा नांगराला बांधलेलं पिशवीसारखं जाळं. ते मासळीमागे धावत नाही, पाण्याच्या ओढीवर भरतं. म्हणून डोलकऱ्याचं पंचांग तिथीवर चालतं: अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला जोर, अष्टमीच्या आसपास भांगाला (लहान भरतीला) पाणी मंद आणि कित्येक होड्या किनाऱ्यावर. उधाणापासून उधाणापर्यंत सरासरी १४.७७ दिवस. तुम्ही सोयीसाठी दर दुसऱ्या शनिवारी, म्हणजे १४ दिवसांनी जात राहिलात, तर प्रत्येक फेरीत पाऊण दिवसाचा फरक साचतो. उधाणाला सुरू केलेली पाहणी सुमारे साडेचार महिन्यांत भांगावर येते. त्या काळात आलेख हळूहळू उतरताना दिसतो आणि लिहिणारा ‘ऑक्टोबर ते फेब्रुवारी साठ्यात घट’ असा निष्कर्ष ठोकून देतो. समुद्रात काहीच घडलेलं नसतं. डोलीच्या प्रत्येक नोंदीत तारखेसोबत तिथी लिहाच.

१ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या पावसाळी बंदीत ट्रॉलरचा नमुना मिळत नाही. ती रिकामी जागा मे आणि ऑगस्टच्या सरासरीने भरू नका. याच काळात पीनिड कोळंबीच्या कित्येक जातींची पिल्लं खाडीत वाढत असतात. यांत्रिक बोटींवर बंदी असली तरी बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना मुभा असते. पागाने, म्हणजे फेकजाळ्याने, खाडीत मासेमारी करणाऱ्यांकडून नमुना विकत घ्या आणि तो वेगळ्या वहीत ठेवा. ट्रॉलरच्या आकड्यांत तो मिसळायचा नाही. स्टायलिफेरा खाडीत शोधत बसू नका, तिचं सगळं आयुष्य समुद्रातच जातं.

तांडेलाला काय विचारायचं

लिलाव चालू असताना कुणाला उत्तर द्यायला वेळ नसतो. बर्फ उतरवून झाल्यावर, जाळं शिवताना विचारा. बोटीमागे एवढं हवंच: निघाल्याची आणि परतल्याची तारीख, प्रत्यक्ष मासेमारीचे दिवस, रोज किती वेळा जाळं टाकलं, एकेक ओढ किती तासांची, किती वाव पाण्यात (एक वाव म्हणजे साधारण १.८३ मीटर), इंजिनाची ताकद, आणि पिशवीच्या शेवटच्या भागाची आस. आस विचारू नका, मोजा. ओलं जाळं लांबीला ताणून दहा आसांची एकत्र लांबी घ्या आणि दहाने भागा. ताणून मोजलेली आस आणि गाठीपासून गाठीपर्यंत मोजलेली तिची एकच बाजू यांत दुपटीचा फरक येतो, म्हणून कशी मोजली तेही लिहा. डोलीत हा शेवटचा भाग म्हणजे खोला, आणि लहान कोळंबी तिथेच अडकते. कासव बाहेर पडायची चौकट जाळ्याला बसवली आहे का, हाही एक रकाना ठेवा. ती वापरात नसल्याच्या कारणावरूनच अमेरिकेने भारतातली समुद्रातून पकडलेली कोळंबी घेणं थांबवलं आहे, त्यामुळे हा प्रश्न आज ना उद्या तुम्हाला विचारला जाणार.

तासांचा एवढा हट्ट का, ते एका हिशेबात दिसेल. दोन ट्रॉलर, दोन्ही फेऱ्यांत ३०० किलो चैती. पहिला ८ दिवस, रोज ५ ओढी, ३-३ तासांच्या: १२० तास, म्हणजे तासाला २.५ किलो. दुसरा ५ दिवस, रोज ४ ओढी, अडीच-अडीच तासांच्या: ५० तास, म्हणजे तासाला ६ किलो. ‘प्रति फेरी’ असा हिशेब ठेवलात तर दोन्ही बोटी सारख्या.

तासही दरवर्षी सारखा राहत नाही. इंजिन मोठं झालं, जीपीएसमध्ये जुन्या जागा साठवल्या गेल्या, जाळं रुंद झालं, की त्याच एका तासात जास्त तळ खरवडला जातो. समुद्रात कोळंबी कमी होऊनही किलो-प्रति-तास सपाट राहू शकतं. इंजिन आणि जाळ्याचे रकाने भरलेले असतील तरच पाच वर्षांनी हे ओळखू येतं.

आणि टाकून दिलेल्याचा प्रश्न. लांबच्या फेरीत सुरुवातीच्या दिवसांची स्वस्त, बारीक कोळंबी बऱ्याचदा बर्फ आणि जागा वाचवायला समुद्रातच जाते, शेवटच्या दोन दिवसांची ठेवतात. ती ताजी बारीक कोळंबी पाहून पूर्ण फेरीचा अंदाज बांधू नका. जमलं तर एखाद्या खलाशाला रोजचा एक किलो न निवडलेला माल वेगळ्या पिशवीत, दिवसाची चिठ्ठी घालून, बर्फात ठेवायला सांगा. बाजारभावाने पैसे द्या. फुकटचा नमुना हा निवडलेला नमुना असतो.

नमुना आणि मोजणी

प्रतवारी होण्याआधी माल गाठा. ढिगाच्या वरून मूठभर उचलू नका, कारण हलवाहलवीत बारीक कोळंबी तळाला जाते. तीन-चार टोपल्या किंवा क्रेट चिठ्ठीने निवडून प्रत्येकातून वर, मध्ये, खाली असं घ्या. प्रतवारी झालेलीच असेल तर प्रत्येक प्रतीचा वेगळा नमुना घ्या आणि त्या प्रतीचं एकूण वजन लिहा, नाहीतर नंतर जोडता येणार नाही. क्रेटचं वजन तोंडी मानू नका. दर फेरीला पाच क्रेट स्वतः तोला, पाणी निथळू द्या, बर्फ आणि रिकाम्या क्रेटचं वजन वजा करा.

प्रत्येक जातीचे १५० ते २०० नग पंधरा दिवसांतून एकदा, हे किमान. दोन लांब्या घ्यायच्या. एकूण लांबी: रोस्ट्रमच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या काट्याच्या टोकापर्यंत, कोळंबी पट्टीवर सरळ करून, पण ताणून नाही. पाठकवचाची लांबी: डोळ्याच्या खोबणीच्या मागच्या कडेपासून पाठकवचाच्या मागच्या कडेच्या मध्यापर्यंत, कॅलिपरने ०.१ मिलिमीटरपर्यंत. धक्क्यावर रोस्ट्रम इतक्या वेळा मोडलेला असतो की एकूण लांबीवर विसंबलात तर न मोडलेलेच नग मोजले जातात. सुरुवातीलाच नराचे १०० आणि मादीचे १०० धड नग दोन्ही प्रकारे मोजून रूपांतराचं समीकरण बसवा, मग पाठकवचावरून चाला. वजन ०.१ ग्रॅमपर्यंत, टिपकागदाने पुसून. बर्फाच्या पाण्यात रात्रभर बुडालेली कोळंबी पाणी पिते, तिचं वजन लांबी-वजनाच्या समीकरणात घेऊ नका.

नर-मादी वेगवेगळ्या रकान्यांत. उलटी करून पोहण्याच्या पायांची पहिली जोडी बघा. दोन्ही पायांना जोडणारी पेटास्माची जाड पट्टी दिसली तर नर. चालण्याच्या शेवटच्या पायांच्या मध्ये छातीवर ताटलीसारखं थेलिकम दिसलं तर मादी. पीनिडमध्ये मादी मोठी होते. दोघांना एकत्र केलंत तर आलेखावर दोन उंचवटे येतात आणि त्यांना दोन पिढ्या समजण्याची चूक हमखास होते.

मादीची पक्वता ताज्या नगातच बघा, बर्फात दोन दिवस राहिली की रंग जातो. पाठीच्या कवचातून उजेडाला धरलं की अंडाशयाची रेघ दिसते. काहीच दिसत नाही किंवा काचेसारखी पारदर्शक ती अपक्व, फिकट पिवळसर ती सुरुवातीची, हिरवट आणि कडा स्पष्ट असलेली उशिराची, गर्द हिरवी आणि पहिल्या वलयांत फुगलेली ती पक्व. अंडी सोडलेली मादी पुन्हा अपक्वसारखी दिसते. फरक आकारात आणि अंडाशयाच्या ढिलेपणात आहे, तो कवच काढूनच कळतो. जातीजातीत छटा बदलते, म्हणून पहिल्या महिन्यात रंगांचे फोटो एकाच प्रकाशात काढून स्वतःची तक्ता-पट्टी करा. थेलिकममध्ये पांढरं काही दिसलं तर समागम झालाय एवढाच अर्थ, अंडाशय पक्व असेलच असं नाही.

जवळ्याला हे सगळं लागू पडत नाही. एका होडीच्या मालातून अर्धा किलो घ्या, त्यातून आधी बोंबिलाची आणि इतर माशांची पिल्लं वेगळी करून तोला (हा आकडा जवळ्याइतकाच महत्त्वाचा आहे), मग उरलेल्याचे चौकोनी चार भाग करत करत ५ ते १० ग्रॅमपर्यंत या. एवढे नग सूक्ष्मदर्शकाखाली मोजा. लगेच जमत नसेल तर ५ टक्के फॉर्मलिन: बाजारातलं फॉर्मलिन १ भाग, समुद्राचं पाणी १९ भाग. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. फॉर्मलिनमध्ये नग आकसतो, तेव्हा ताजे आणि फॉर्मलिनमधले नग एका आलेखात घालू नका. ओट्यावर वाळलेल्या जवळ्याचा हिशेब मिळाला तर पुस्तकी गुणक लावण्यापेक्षा त्याच ओट्यावर एक टोपली ओली आणि वाळल्यावर अशी दोनदा तोला.

वजनाकडून संख्येकडे

बोटीत १२ क्रेट चैती, क्रेटला २५ किलो, म्हणजे ३०० किलो. नमुना १.२ किलो, त्यात १८० नग. गुणक ३०० भागिले १.२, म्हणजे २५०. नमुन्यात ९० ते ९४ मिलिमीटरचे २२ नग असतील तर बोटीत त्या लांबीचे ५,५००. असं प्रत्येक बोटीचं करून मग बेरीज, तिला दिवसाच्या सगळ्या बोटींचा गुणक, मग महिन्याचा. आधी सगळे नमुने एकत्र ओतून शेवटी एकच गुणक लावला तर ५० किलोच्या होडीला आणि ३०० किलोच्या ट्रॉलरला सारखं वजन मिळतं. एकूण लांबीसाठी ५ मिलिमीटरचे वर्ग ठेवा, पाठकवचासाठी १ किंवा २.

वाढ आणि मरतूक

माशाच्या कानातल्या हाडावर वर्षाच्या रेघा असतात. कोळंबी कात टाकताना कवच सोडून देते, वयाची रेघ जपणारा तसा भाग तिच्यात राहत नाही. म्हणून लांबीच्या आलेखातले उंचवटे महिन्यागणिक पुढे कसे सरकतात यावरूनच वाढ काढायची. किमान सलग १२ महिने, खरं तर २४. त्यासाठीची सॉफ्टवेअर म्हणजे फिसॅट किंवा आर या संगणकभाषेतलं ट्रॉपफिशआर, दोन्ही मोफत आहेत. समीकरण असं: लांबी = कमाल लांबी × (१ − ई^(−के × वय)). यात के म्हणजे वाढीचा वेग, वय वर्षांत, आणि ई हा गणितातला स्थिरांक, साधारण २.७१८. उदाहरणार्थ कमाल लांबी १३० मिलिमीटर आणि के वर्षाला १.५ धरला तर सहा महिन्यांत ६९, वर्षात १०१ आणि दीड वर्षात ११६ मिलिमीटर. इतक्या वेगाने वाढणाऱ्या जातीचे नमुने महिन्यातून एकदाच घेतले तर उंचवटा कुठून कुठे गेला ते हातातून सुटतं. सॉफ्टवेअर काही ना काही उत्तर देतंच, त्यामुळे आधी डोळ्यांनी उंचवटे जोडून बघा.

एकूण मृत्युदर लांबीच्या वक्राच्या उतरत्या बाजूवरून. शिखराच्या डावीकडच्या लांबीचे बरेच नग जाळ्याच्या आसेतून निसटलेले असतात, ती बाजू मरतुकीत धरायची नाही. नैसर्गिक मृत्युदरासाठी बहुतेक जण मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांचं १९८० चं सूत्र वापरतात. त्यात कमाल लांबी सेंटिमीटरमध्ये घालायची असते. वरच्याच उदाहरणात, पाणी २८ अंश धरून, १३ घातलं तर उत्तर २.९४ येतं, चुकून १३० घातलं तर १.५५. एकूण मृत्युदर ६ असेल तर पहिल्या हिशेबात मासेमारीचा वाटा (एकूणातून नैसर्गिक वजा करून एकूणाने भागलं की मिळतो तो) ०.५१, दुसऱ्यात ०.७४. एका दशांश चिन्हाने ‘ठीक चाललंय’ चं ‘अतिमासेमारी’ होतं. शिवाय ते सूत्र १७५ मत्स्यसाठ्यांवर बेतलेलं आहे, कोळंबीवर नाही. म्हणून एकच आकडा छापण्याऐवजी नैसर्गिक मृत्युदर २० टक्के वर-खाली करून वाटा कुठून कुठे हलतो ते तक्त्यात द्या.

मोठ्या माद्या खोल पाण्यात सरकल्या आणि तुमच्या बोटी २० वावांच्या आतच राहिल्या, तर वक्राला त्या ‘मेल्या’ असंच दिसतं आणि मृत्युदर फुगतो. खोलीचा रकाना भरलेला असेल तर उथळ आणि खोल बोटींचे आलेख वेगळे काढून हे तपासता येतं. मासेमारीचा वाटा ०.५ पेक्षा जास्त म्हणजे धोका, हा नियम वर्ष-दीड वर्ष जगणाऱ्या जातीला जेमतेमच लागू पडतो. तिथे पुढच्या हंगामात किती पिल्लं आली हेच जास्त बोलकं.

निष्कर्ष सोसायटीपुढे ठेवताना मृत्युदराचा तक्ता परिशिष्टात टाका. पुढे आणायच्या दोनच गोष्टी: निम्म्या माद्या कोणत्या लांबीला पक्व होतात, आणि उतरलेल्या मालात त्याहून लहान नग महिन्यागणिक किती टक्के. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली आहे. तुमची जात त्या यादीत असेल तर आलेखावर त्या लांबीचीही एक रेघ मारा. लांबी मिलिमीटरमध्ये सांगितली की सभेत कुणी मान हलवत नाही, तेव्हा तीच रेघ काउंटमध्येही लिहा. सरासरी ६.७ ग्रॅमची कोळंबी म्हणजे किलोला साधारण दीडशे नग, हे लिलाव करणाऱ्या बाईला लगेच कळतं.